आजीची रांगोळी का थांबली?

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला भाविक धाकटी पंढरी म्हणतात. या गडाच्या आसपासच्या खेड्यांत, आणि खरे तर मराठवाड्यात कुठेही, घरातली वडीलधारी बाई आयुष्यभर चित्रे काढत आलेली असते. तिला चित्रकार मात्र कोणी म्हणत नाही. नागपंचमीला भिंतीवर नाग, पोळ्याला मातीचे बैल, महालक्ष्म्यांपुढची रांगोळी, दिवाळीत शेणाच्या गवळणी, आणि उरल्या वेळात जुन्या लुगड्यांचे तुकडे जुळवून शिवलेली गोधडी. माती, शेण, गेरू, चुना, कापड, दोरा इतकी माध्यमे कलाशाळेत शिकलेला माणूसही क्वचितच हाताळतो. यातले काही विकायचे नसते. नातवंडासाठी, लेकीच्या बाळंतपणासाठी, आपल्या दारासाठी ते केलेले असते.

मग एका वर्षी हे थांबते. ‘आता होत नाही’ एवढेच आजी म्हणते. घरचे ‘वय झाले’ म्हणून मान डोलावतात आणि दारात रांगोळीचा तयार स्टिकर चिकटवला जातो. ही मान डोलावण्याची घाईच चुकीची आहे. वयामुळे हौस मरते असे क्वचित होते. बहुतेक वेळा डोळे, बोटे किंवा मेंदू यांपैकी कशात तरी बिघाड झालेला असतो, आणि त्यातला बराचसा दुरुस्त होण्याजोगा असतो.

सुरुवात डोळ्यांपासून करावी. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. मोतीबिंदूचे लक्षण मात्र तितके परिचित नाही. डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळट, तपकिरी होत जाते. त्यातून निळा रंग मळकट दिसतो, पांढऱ्यावर पिवळी झाक येते, फिक्या छटांतला फरक कळत नाही. फ्रान्सचा विख्यात चित्रकार क्लोद मोने याला 1912 मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. त्यानंतरच्या वर्षांतली त्याची चित्रे लाल-तपकिरी होत गेली. 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याचे वय 82 होते. नारायणगडाजवळच्या आजीची रांगोळी अचानक भडक रंगांची झाली, निळा आणि जांभळा एकमेकांत मिसळू लागले, तर ती आवड बदलल्याची खूण असेलच असे नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. 1976 पासून देशात त्यासाठी अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. मधुमेह असेल, तर डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा लागतो.

हाताची गोष्ट निराळी. रांगोळीची रेघ थरथरू लागली की ‘कंपवात झाला’ असे परस्पर ठरवले जाते. हात काम करतानाच थरथरतो आणि मांडीवर ठेवला की शांत राहतो, असे असेल तर तो बहुधा कंपवाताचा नव्हे, दुसऱ्या प्रकारचा कंप असतो. अनेक घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. कंपवातात उलट असते. हात स्वस्थ असताना थरथरतो, हालचाली मंदावतात, आणि अक्षर किंवा नक्षी बारीक बारीक होत जाते. म्हणूनच मेंदूविकारांचे डॉक्टर रुग्णाला कागदावर गोल गोल फिरत जाणारी रेघ काढायला लावतात. आजी ती चाचणी रोज सकाळी दारात देत असते. पाहणारे कोणी नसते, एवढेच.

चित्रातून आणखी काही कळते. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आलेल्या काही रुग्णांना डाव्या बाजूचे जगच जाणवेनासे होते. फुलाच्या उजवीकडच्या पाकळ्या काढून ते थांबतात, आणि फूल पूर्ण झाले असे त्यांना मनापासून वाटते. हे अचानक घडले, सोबत तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडे बोलणे सुरू झाले, तर तेल चोळत बसायचे नाही. रक्तवाहिनीत अडकलेली गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात. गावापासून तिथपर्यंतचा वेळ त्यातच मोजायचा असतो. हळूहळू होणारा बदल वेगळा. घड्याळाचे चित्र काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवणे ही स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीतली जुनी, सोपी चाचणी आहे. ज्या आजीने घड्याळ कधी वाचलेले नाही, तिच्यासाठी ती गैरलागू. पण पन्नास वर्षे काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जुळेनासे झाले, तर ती खूण घड्याळाइतकीच बोलकी मानायला हरकत नाही.

आता उलट प्रश्न. चित्रे काढल्याने मेंदू निरोगी राहतो का? वर्तमानपत्रांत अधूनमधून तसे ठळक मथळे येतात. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 85 वर्षांवरील 256 जणांची पाहणी प्रसिद्ध केली. मध्यम वयात आणि उतारवयातही चित्रकलेसारख्या कलांमध्ये रमलेल्यांत बुद्धीची सौम्य घसरण होण्याची शक्यता 73 टक्क्यांनी कमी आढळली. शिवणकाम, सुतारकामासारखे हस्तकौशल्य करणाऱ्यांत ती 45 टक्क्यांनी कमी होती. (कला आणि हस्तकौशल्य अशी वेगळी खाती अमेरिकेत ठीक आहेत, गोधडी कोणत्या खात्यात टाकायची, हे गोधडी शिवणारीला विचारून पाहावे.) आकडे मोठे आहेत, पण एवढ्या लोकांवरून फार काही ठरत नाही. शिवाय ज्यांचा मेंदू आधीपासून धडधाकट आहे, तेच उतारवयात कुंचला हाती धरून राहतात, हीही शक्यता उरतेच. 2016 च्या दुसऱ्या एका अभ्यासात 39 जणांनी 45 मिनिटे माती, कागद, रंग घेऊन काहीतरी बनवले. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतले ताणाशी संबंधित संप्रेरक कमी झाले. कलेचा सराव असलेले आणि नसलेले यांच्यात फरक पडला नाही, ही त्यातली चांगली बातमी. पण नुसते शांत बसलेल्यांचा तुलनेसाठी गट नव्हता, आणि हे संप्रेरक दिवस चढेल तसे आपोआपही उतरते.

तेव्हा चित्रकला हे औषध आहे असा प्रचार करू नये. त्याची गरजही नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी सांगतात, की लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणेच थांबले आणि धुळीत चित्रे काढूनच ते इतरांशी संवाद साधत. लग्नघरातल्या भिंतीवर सवाष्णींनी काढायची ती कला त्यांनी पुढे कागदावर आणि कापडावर आणली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धूळ, भिंत, कागद, कापड असा तो प्रवास. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीतही नेमके हेच करता येते. माध्यम बदलायचे, चित्र थांबवायचे नाही.

अमेरिकेतली शेतकरीण ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस लोकरीने चित्रे भरत असे. संधिवाताने सुई धरवेना, तेव्हा सत्तरी ओलांडल्यावर तिने कुंचला हाती घेतला. 1961 मध्ये 101 व्या वर्षी ती वारली, तोवर दीड हजारांवर चित्रे झाली होती आणि जग तिला ‘ग्रँडमा मोझेस’ म्हणून ओळखत होते. एवढी प्रसिद्धी कोणाला मिळणार नाही, मिळायची गरजही नाही. पण सूत्र कामाचे आहे. चिमटीतून रांगोळी सुटत नसेल, तर कपड्याच्या बोळ्याने गेरू-चुन्याचे ठसे उमटवता येतात. कुंचल्याच्या दांडीला चिंधी गुंडाळून ती जाड केली की दुखऱ्या बोटांना पकड सोपी जाते. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसवत नसेल, तर पाट किंवा सूप टेबलावर ठेवून रंगवावे. वाकळीचे बारीक टाके नातीने घालावेत. कोणता तुकडा कशाशेजारी, हे आजीने सांगावे. रंगसंगती ठरवणे हेही चित्र काढणेच आहे.

रंग मात्र पाहून घ्यावेत. गेरू हा लोहाचा ऑक्साइड, तो तुलनेने निर्धोक. शेंदूर बहुधा शिशाचा असतो. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये आणि कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची सवय सोडावी. दमा असेल, तर सुक्या रांगोळीची धूळ त्रास देते. भिजवलेला रंग बरा. चुना डोळ्यात गेला तर चोळू नये. भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टर गाठावा.

हे सगळे बीडसाठी अधिक महत्त्वाचे आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की गावातली कर्ती जोडपी कोयता घेऊन फडावर जातात. अनेक घरांत उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. त्या महिन्यांत आजीचे डोळे गेले, की पोरांची वेणीफणी, चूल, विळा, अभ्यासाला बसवणे सगळेच अडते. रांगोळी त्यातले सर्वांत आधी सुटणारे काम असते, म्हणून तीच सर्वांत आधी धोका सांगते. नेत्रतपासणीच्या शिबिरांत दूरच्या पाटीवरची अक्षरे, चित्रे ओळखून घेण्यावर भर असतो. आषाढीला नारायणगडावर गर्दी लोटते. तिथे एखाद्या मंडपात सुई आणि दोरा ठेवून, म्हाताऱ्या बायांना तो ओवता येतो का एवढेच पाहिले आणि ज्यांना येत नाही त्यांना जवळचा चष्मा तिथल्या तिथे दिला, तर खर्च फार येणार नाही. मोतीबिंदूच्या बायांची यादी त्याच मंडपातून जिल्हा रुग्णालयात जाऊ शकेल, आणि फड सुरू व्हायच्या आत शस्त्रक्रियेला तीन महिने हाती राहतील.