आता सिगारेट सोडून काय उपयोग?

"डॉक्टर, तीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझं उत्तर ठाम आहे: उपयोग आहे, आणि त्याचं कारण आपल्या पेशींतच आहे.

पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांना ट्यूमर सप्रेसर जीन म्हणतात. गाडीचे ब्रेकच समजा. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं टीपी ५३. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती जमलीच नाही तर त्या पेशीला मरायला लावतं. तंबाखूच्या धुरातल्या बेंझोपायरीनपासून शरीरात तयार होणारं रसायन नेमकं याच जनुकावर ठरावीक जागी घाव घालतं, हे १९९६ मध्येच दिसून आलं.

अशा जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बहुतेक वेळा दोन्ही निकामी व्हाव्या लागतात, शिवाय इतर जनुकांतही बिघाड साचावा लागतो. म्हणून हा कर्करोग व्हायला अनेक वर्षं जातात. (कुणाचे तरी आजोबा विड्या ओढून नव्वदी गाठतात, त्यात नशिबाचाही वाटा असतो!)

ईजीएफआर जनुकातला बिघाड म्हणजे अडकलेला ॲक्सिलरेटर. त्यावर गोळ्या आहेत. तुटलेला टीपी ५३ चा ब्रेक पुन्हा बसवणारी गोळी मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत नाही. म्हणजे शाबूत ब्रेक जपणं एवढंच आपल्या हातात. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीत चाळिशीला सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरी ९ वर्षं जास्त मिळाली, आणि साठीला सोडणाऱ्यांनाही ३.