विश्लेषण : मॅरेथॉनचे अंतर घड्याळात जास्त का भरते? ऑनलाइन नकाशांवर किती विसंबायचे?

थंडी सुरू झाली की राज्यात धावण्याच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर एक नेहमीचा वादही. आयोजक सांगतात अर्धमॅरेथॉन २१.१ किलोमीटरची, धावपटूच्या मनगटावरचे घड्याळ मात्र २१.४ किंवा २१.५ दाखवते. मग समाजमाध्यमांवर आयोजकांना धारेवर धरले जाते. गूगल अर्थ, स्ट्राव्हा, ओपनस्ट्रीटमॅप यांसारख्या साधनांमुळे मार्ग आखणे, अंतर मोजणे आणि चढउतार पाहणे आता कोणालाही घरबसल्या शक्य झाले आहे. पण पडद्यावरचा आकडा आणि पायाखालचा रस्ता यांत फरक का पडतो, आणि तो कधी धोक्याचा ठरतो?

अधिकृत अंतर कसे मोजतात?

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमधून आले आणि १९२१ मध्ये ते कायम झाले. जागतिक मान्यतेच्या स्पर्धांत हे अंतर उपग्रहाने नव्हे, तर सायकलने मोजले जाते. सायकलच्या पुढच्या चाकाला ‘जोन्स काउंटर’ नावाचे छोटे गणकयंत्र लावतात. आधी पोलादी फितीने काटेकोर मोजलेल्या किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून, एका किलोमीटरला यंत्राचे किती आकडे पडतात हे ठरवतात. ऊन वाढले की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा परीघ बदलतो. त्यामुळे ही पडताळणी मोजणीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा होते.

मोजणी धावपटूला शक्य असलेल्या सर्वात जवळच्या रेषेने होते. वळणावर रस्त्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवले जाते. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. म्हणजे मॅरेथॉनचा प्रमाणित मार्ग मुळातच सुमारे ४२ मीटर लांब असतो.

मग घड्याळ जास्त का दाखवते?

पहिले कारण धावपटू स्वतः. हजारोंच्या गर्दीत कोणी वळणाच्या आतल्या कडेने धावू शकत नाही. काटकोनातल्या वळणावर आदर्श रेषेपासून दोन मीटर बाहेरून गेले, तर सुमारे ३.१ मीटर वाढतात. अशी ४० वळणे असली तर सव्वाशे मीटर झाले. पाण्याच्या टेबलाकडे वळणे, पुढच्याला ओलांडण्यासाठी आडवे जाणे हे वेगळेच.

दुसरे कारण उपग्रह संकेतांचे. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलची स्थाननिश्चिती साधारण पाच मीटरपर्यंत चुकू शकते. घड्याळ ठरावीक वेळाने एकेक बिंदू नोंदवते आणि ते जोडून अंतर काढते. बिंदू रेषेच्या डावी-उजवीकडे सरकले की सरळ रस्ताही नागमोडी होतो, आणि नागमोडी रेषा सरळ रेषेपेक्षा लांबच असते. मुंबईतल्या पेडर रोडसारख्या उंच इमारतींच्या रस्त्यावर संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात, तेव्हा चूक आणखी वाढते. घाटातल्या किंवा जंगलातल्या वेड्यावाकड्या पायवाटेवर मात्र उलट घडू शकते. दोन नोंदींच्या मधले वळण घड्याळ सरळ कापून टाकते आणि अंतर कमी भरते.

नकाशावर आखलेला मार्ग अधिक अचूक का?

शहरी रस्त्यांसाठी बहुधा होय. संगणकावर उपग्रहचित्र मोठे करून वळणावळणाला बिंदू टाकले, तर आकाशातून येणाऱ्या संकेतांचा गोंधळ उरत नाही. पण बिंदू विरळ टाकले तर वळणे कापली जातात. साधन आपोआप रस्त्याला चिकटून मार्ग आखत असेल, तर ते सहसा रस्त्याची मध्यरेषा धरते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर, उड्डाणपुलावर किंवा गोल चौकात त्यामुळे फरक पडतो. रोजच्या सरावासाठी हा फरक नगण्य आहे. विक्रमासाठी वा पात्रता वेळेसाठी नाही.

चुकीच्या मोजणीची किंमत काय?

ब्रिटनमधील ग्रेटर मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटर कमी असल्याचे नंतर उघड झाले. सुमारे २४ हजार धावपटूंच्या वेळा त्यामुळे मॅरेथॉनच्या वेळा म्हणून ग्राह्य राहिल्या नाहीत. २०२१ मध्ये ब्रायटन मॅरेथॉनचा मार्ग ५६८ मीटर जास्त निघाला. बोस्टनसारख्या स्पर्धेत प्रवेशासाठी ठरावीक वेळ लागते आणि तिथे काही सेकंदांनी संधी हुकते. ज्यांनी महिनोन्महिने पहाटे उठून तयारी केली, त्यांच्यासाठी ३८० मीटर हा केवळ आकडा नसतो.

गंमत म्हणजे बोस्टनचे अंतर बरोबर असूनही तिथे जागतिक विक्रम होऊ शकत नाही. आरंभ आणि शेवट यांतील उतार दर किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. बोस्टनचा मार्ग एकूण सुमारे १४० मीटर उतरतो. त्यामुळे केनियाच्या जेफ्री मुताईने २०११ मध्ये नोंदवलेली २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही वेळ विक्रम म्हणून मान्य झाली नाही.

चढाचे आकडे इतके वेगवेगळे का?

अंतरापेक्षा चढाचा हिशेब अधिक फसवा आहे. अनेक साधनांच्या उंचीच्या माहितीमागे फेब्रुवारी २०००मधील एक मोहीम आहे. ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची टिपली. या माहितीत साधारण ३० मीटरच्या चौकटीला उंचीचा एकच आकडा मिळतो. रडार झाडांचे शेंडे आणि इमारतींची छतेही जमीन समजू शकते. इस्रोने ‘कार्टोसॅट-१’च्या जोडचित्रांवरून भारतासाठी तयार केलेला उंचीचा नमुना ‘भुवन’ संकेतस्थळावर मिळतो. मात्र उपग्रहातून घेतलेल्या उंचीच्या मर्यादा त्यालाही लागू आहेत.

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या सलग चढावर एकूण अंदाज बरा येतो. सह्याद्रीच्या कड्यांवर तो कोलमडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रेषा एक चौकट बाजूला सरकली, तरी उंचीत शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. उलट सपाट रस्त्यावर खोटा चढ जमा होतो. दहा किलोमीटरच्या मार्गावर दर दहा मीटरला एक नोंद असेल आणि एकाआड एक नोंद अर्धा मीटर वर दिसली, तर बेरीज २५० मीटर होते. म्हणूनच प्रत्येक साधन हे आकडे आपापल्या पद्धतीने गुळगुळीत करते आणि एकाच मार्गाचे तीन वेगळे चढ दिसतात. काही घड्याळे हवेच्या दाबावरून उंची काढतात. समुद्रसपाटीजवळ आठ-साडेआठ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो. ही पद्धत चढउतारासाठी चांगली, पण हवामान बदलले की जागेवर उभे असतानाही उंची बदलते.

नकाशावर रेषा आहे म्हणजे वाट आहे का?

नाही, आणि खरा धोका इथे आहे. २०२१ मध्ये स्कॉटलंडमधील गिर्यारोहण संस्थांनी इशारा दिला होता, की गूगल मॅप्स बेन नेव्हिस शिखराकडे दाखवत असलेला मार्ग जिवावर बेतू शकतो. वाहनतळापासून शिखरापर्यंतची तुटक रेषा खडकाळ, उभ्या उतारावरून जात होती. सह्याद्रीतही पावसाळ्यात वाटा गवतात बुजतात, ओढे भरतात, दरडी कोसळतात; नकाशावरची रेषा मात्र बदलत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरील वाटा स्वयंसेवकांनी नोंदवलेल्या असतात. त्या उपयुक्त असल्या तरी नोंद कोणत्या ऋतूतली हे रेषेवरून कळत नाही. नव्या वाटेवर जाण्याआधी उपग्रहचित्र, समोच्च रेषा आणि गावातल्या माणसाची माहिती या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

धावण्याच्या नोंदींमुळे सुरक्षेचा प्रश्न कसा?

स्ट्राव्हाने २०१७च्या अखेरीस आपल्या वापरकर्त्यांच्या नोंदींचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की सीरिया, अफगाणिस्तान अशा भागांत सैनिकांच्या धावण्यामुळे लष्करी तळांचे आराखडेच उजळून दिसत आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या क्षेत्रात अशा उपकरणांच्या स्थाननोंदीवर बंदी घातली. २०२४ मध्ये फ्रान्सच्या ‘ल माँद’ने नेत्यांच्या अंगरक्षकांच्या नोंदींवरून त्या नेत्यांच्या मुक्कामाचा माग काढता येतो, हे दाखवून दिले. सामान्य धावपटूसाठीही रोजची नोंद म्हणजे घराचा पत्ता आणि बाहेर पडण्याची वेळ. एकटीने धावणाऱ्या महिलांसाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. आरंभ आणि शेवटचा भाग लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, पण ती स्वतः सुरू करावी लागते.

भारतात काय बदलते आहे?

१५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट भारतीय कंपन्यांपुरती काढून टाकली. आडव्या दिशेने एक मीटर आणि उंचीत तीन मीटरपेक्षा सूक्ष्म नकाशे भारतीय कंपन्यांनीच बनवायचे आणि ते देशातच साठवायचे, असे बंधन आहे. २०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागासाठी एक ते तीन मीटर अचूकतेचा उंचीचा नमुना तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याचा मुख्य उपयोग पूर, दरडी आणि रस्तेबांधणीच्या नियोजनाला होईल. पण ही माहिती खुली झाली, तर घाटात धावणाऱ्यांना चढाचा विश्वासार्ह आकडाही मिळेल.

तोवर कोणता आकडा धरायचा?

स्पर्धेचे अंतर प्रमाणित असेल, तर आयोजकांचा आकडा ग्राह्य धरावा. घड्याळातले दोन-तीनशे मीटर जादा असणे हे चुकीच्या मार्गाचे लक्षण नव्हे. आयोजकांना विचारायचा प्रश्न ‘माझ्या घड्याळात जास्त का?’ हा नसून ‘मार्ग कोणी आणि कोणत्या पद्धतीने मोजला?’ हा आहे. स्पर्धेत वेगाचा हिशेब घड्याळाच्या किलोमीटरवर न ठेवता रस्त्यावरच्या फलकांवर ठेवावा. अन्यथा घड्याळात २१.१ पूर्ण होतात, तेव्हा अंतिम रेषा अजून दोन-तीनशे मीटर पुढे असते आणि ठरवलेली वेळ तिथेच निसटते.