मुले ही संमेलनाची तोरणे नव्हेत

दिवाळी सरली की महाराष्ट्रात साहित्य संमेलनांचा आणि ग्रंथमहोत्सवांचा हंगाम सुरू होतो. अखिल भारतीय संमेलनाखेरीज जिल्हा संमेलने, तालुका संमेलने, जुन्या ग्रंथालयांचे वर्धापनदिन आणि महानगरांतील पुस्तक महोत्सव असा मोठाच पसारा आता उभा राहिला आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. त्या रोपाचा हा विस्तार पाहून कोणाही मराठी माणसाला समाधान वाटावे. मात्र या उत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर एक विसंगती डोळ्यांत खुपल्यावाचून राहत नाही. ग्रंथदिंडीत सर्वांत पुढे मुले असतात. लेझीम मुलांचे, स्वागतगीत मुलांचे, शिवराय, जिजाऊ आणि ज्ञानोबा यांच्या वेशात छायाचित्रकारांसमोर उभी राहतात तीही मुलेच. दिंडी मंडपाच्या दाराशी पोहोचली की मुलांचे काम संपते आणि मोठ्यांचे साहित्य सुरू होते.

त्यांच्यासाठी काहीच नसते, असे म्हणता येणार नाही. ‘बालमेळावा’ असतो. तो बहुधा सकाळी, मुख्य मंडपापासून दूरच्या एखाद्या सभागृहात किंवा शाळेच्या पटांगणात होतो. परिसरातील शाळांना निरोप जातात, शिक्षक मुलांना रांगेने आणून बसवतात. मग दीपप्रज्वलन, मान्यवरांचा परिचय, शाल, श्रीफळ आणि ‘आजची मुले वाचत नाहीत’ या विषयावर, वाचण्यासाठीच तेथे आलेल्या मुलांसमोर तीन-चार भाषणे होतात. गोष्ट सांगण्यासाठी ज्यांना बोलावले आहे, त्यांच्या वाट्याला अखेरची वीस मिनिटे येतात. तोवर मुलांचे लक्ष बिस्किटांच्या पुड्यांकडे आणि शिक्षकांचे लक्ष परतीच्या बसकडे लागलेले असते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘बालमेळाव्यास उदंड प्रतिसाद’ असा मथळा झळकतो. गेली तीस वर्षे वार्ताहर म्हणून ही संमेलने पाहताना असे मथळे मी असंख्य वेळा वाचले आहेत. त्या प्रतिसादातून किती वाचक घडले, याचा हिशेब कोणत्याही स्वागत समितीने मांडलेला मात्र आठवत नाही.

येथे कोणा एका संस्थेवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. दोष दृष्टीचा आहे. मूल हे साहित्याचे श्रोते आणि उद्याचे लेखक आहे, असे आपण मानतच नाही. ते उत्सवाची शोभा वाढवते आणि गर्दी भरून काढते, एवढीच त्याची गणना. या दृष्टीविरुद्ध आता स्पष्टपणे बोलण्याची वेळ आली आहे.

एक ठळक उदाहरण घेऊ. १४ डिसेंबर २०२३ रोजी पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली. चीनच्या नावावरचा आधीचा विक्रम मोडला गेला आणि गिनीज बुकात भारताची नोंद झाली. हजारो आईवडील हातात पुस्तक घेऊन मुलांशेजारी बसले, हे दृश्य अभिमानास्पदच होते आणि ज्यांनी ते घडवले त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु विक्रम काही मिनिटांत पूर्ण होतो, संस्कार होत नाही. खरा प्रश्न त्या दिवसाचा नसून दुसऱ्या रात्रीचा आहे. त्या ३,०६६ घरांपैकी किती घरांत पंधरा डिसेंबरच्या रात्री पुन्हा पुस्तक उघडले गेले? महोत्सवाचे यश मोजायचे असेल तर ते या मापाने मोजावे लागेल, आणि हे माप गिनीज बुकापाशी नाही.

आपल्या परंपरेला हे माप चांगले ठाऊक होते. मराठी घराघरांत पोहोचलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत आणि श्याम आपल्या सोबत्यांना बेचाळीस रात्री गोष्ट सांगतो. गोष्ट हा रोजच्या जगण्यातला नेम आहे, हे त्या रचनेतच सुचवलेले आहे. गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने जी कथामाला सुरू झाली, तिनेही हाच धागा धरला. गावोगावचे शिक्षक आणि कार्यकर्ते मुलांना नियमाने गोष्टी सांगू लागले. त्यासाठी भव्य मंडप लागला नाही की ध्वनिक्षेपक लागला नाही.

त्याही मागे जाऊ. पंचतंत्राच्या आरंभीची कथा आपल्याला माहीत आहे. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र विद्याविन्मुख होते. त्यांना शहाणे करण्याचे काम वृद्ध विष्णुशर्म्याने पत्करले आणि सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. राजा अग्रहार देऊ लागला, तेव्हा आपण विद्येचा विक्रय करीत नाही, असे त्याने बजावले. पुढे सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणात पहलवी भाषेत गेला, आठव्या शतकात अरबीत गेला आणि तेथून युरोपच्या भाषांत पसरला. जगाला गोष्ट सांगायला शिकवणाऱ्या देशात आज कथाकथनकाराला वीस मिनिटे मिळतात आणि त्यांतलीही पाच मिनिटे सूत्रसंचालक त्याच्या परिचयात खर्च करतो! विष्णुशर्म्याला सहा महिने लागले, हे आपण विसरलो.

मराठीचे नाते तर याहूनही जवळचे आहे. चिमणीच्या आणि कावळ्याच्या घराची जी गोष्ट आपण पाळण्यातल्या बाळाला सांगतो, ती तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात आढळते. सातशेहून अधिक वर्षे ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आधाराशिवाय आजीच्या तोंडून नातवंडांच्या कानी पडत आली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपणानंतर उत्तररंगात आख्यान येते, त्यामागेही हीच जाण आहे. तत्त्व समजावून सांगता येते, पण मनात उतरते ते गोष्टीच्या वाटेने. ही वाट आपल्या पूर्वजांनी इतकी मळवून ठेवलेली असताना आपल्या महोत्सवांना मात्र ती सापडू नये, हे दुर्दैव होय.

येथे आपल्याच माणसांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. संस्कारवर्ग चालवणारे, सुट्टीतील शिबिरे भरवणारे कार्यकर्ते निष्ठेने गोष्टी सांगतात, याबद्दल दुमत नाही. पण आपली गोष्ट अनेकदा तात्पर्याच्या ओझ्याखाली दबून जाते. सिंह विहिरीत पडतो न पडतो तोच ‘मग मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न येतो. १९२० साली भावनगरला बालमंदिर उभे करणारे गिजुभाई बधेका यांनी कथाकथनाचे स्वतंत्र शास्त्रच लिहिले. गोष्टीचा पहिला हेतू आनंद हा होय, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तीच दृष्टी महाराष्ट्रात आणली आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. गोष्ट चांगली असेल आणि जीव ओतून सांगितलेली असेल, तर तिचा बोध मुलाला आपोआप उमगतो. उमगला नाही तरी तो मनाच्या तळाशी पडून राहतो आणि वीस वर्षांनी, नेमका गरजेच्या वेळी, वर येतो. संस्कारावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांचा एवढा धीरही असायला हवा.

कथाकथनाची ही गत, तर लेखनाची त्याहून वाईट. महोत्सवातील मुलांचे लेखन म्हणजे स्पर्धा, हे समीकरण आता पक्के झाले आहे. ‘माझी मायबोली’, ‘पुस्तक माझा मित्र’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ हे ठरलेले विषय. निबंध घरी लिहून आणायचा असतो, त्यामुळे बक्षीस मुलाला मिळते आणि लेखन आईचे असते. क्वचित ते शिकवणीच्या बाईंचे असते. परीक्षक सुवाच्य अक्षर आणि सुविचारांची संख्या पाहून गुण देतात. या साऱ्या व्यवहारात मूल काय शिकते? आपल्या मनात आलेले लिहायचे नसते, मोठ्यांना आवडेल तेच लिहायचे असते, हे ते शिकते. साहित्याच्या उत्सवातच साहित्याच्या मुळावर घाव घालण्याचा हा प्रकार आहे. पहिला पाऊस, शेजारच्या घरातले भांडण, आजोबांची काठी, हरवलेली पेन्सिल यांवर स्वतःच्या मोडक्यातोडक्या भाषेत पाच वाक्ये लिहिणारे मूल बक्षीसपात्र ठरत नाही. पण लेखक झालाच, तर त्याच मुलाचा होईल.

आपल्या शाळांत एकेकाळी हस्तलिखित अंकांची प्रथा होती. वर्गातली मुले लिहीत, ज्याचे अक्षर चांगले तो उतरवून काढी, चित्र काढणारा मुखपृष्ठ रंगवी. तो एकच अंक हातोहात फिरे आणि त्याची पाने झिजून जात. पहिला-दुसरा क्रमांक नसलेली ती लेखनशाळा होती. एका महोत्सवाने असा एक जरी अंक मुलांकडून करवून घेतला, तरी शंभर प्रमाणपत्रांहून ते मोलाचे काम होईल.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा, की आजची मुले भ्रमणध्वनीच्या पडद्याला चिकटलेली असतात, ती गोष्ट ऐकणार नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी मुलाच्या डोळ्यांत पाहून गोष्ट सांगण्याचा प्रयत्न एकदा तरी केलेला आहे काय? पडदा मुलाने बाजारातून आणलेला नाही. तो आपण, आपल्याला उसंत मिळावी म्हणून, त्याच्या हाती दिला. दुसरा आक्षेप, मुले इंग्रजी माध्यमाची असल्याने त्यांना मराठी गोष्ट कळत नाही. तसे असेल तर हीच मुले बालमेळाव्याची पहिली मानकरी ठरतात. ज्याला शाळेत मराठी पुरेशी मिळत नाही, त्याच्या कानांवर ती गोष्टीतून पडली नाही तर पडणार तरी कोठून? तिसरा आक्षेप पैशाचा. दोन दिवसांच्या मंडपावर, भोजनावळींवर आणि मानचिन्हांवर खर्च करताना जी समिती हात आखडत नाही, तिने मुलांच्या वाट्याला आलेल्या सतरंजीचा खर्च सांगावा, हे शोभत नाही.

उपेक्षेची ही सवय केवळ गावपातळीवरची नाही. साहित्य अकादमीने पुरस्कार देण्यास १९५५ साली प्रारंभ केला. बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू व्हायला २०१० साल उजाडले. म्हणजे पंचावन्न वर्षे लागली! वि. को. ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ काढले, वा. गो. आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केला, भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला जन्म देऊन पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचनाचे वेड लावले. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक निघते आहे. एवढी समृद्ध परंपरा असलेल्या भाषेत बालसाहित्यिकाकडे मात्र अजूनही ‘मुलांसाठीच लिहितो ना?’ अशा नजरेने पाहिले जाते. विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठप्राप्त कवीने मुलांसाठी मनापासून कविता लिहिल्या, हे ज्यांना कमीपणाचे वाटत नाही, त्यांनी तरी ही नजर बदलावी.

म्हणून प्रत्येक स्वागत समितीपुढे काही साध्या मागण्या ठेवाव्यात असे वाटते. बालकांचा कार्यक्रम मुख्य मंडपात आणि पहिल्या दिवशी व्हावा. त्यात एकही भाषण नसावे आणि मान्यवरांनी मुलांसोबत खाली बसून गोष्ट ऐकावी. कथाकथनासाठी नामवंतांबरोबर गावातल्या आजी-आजोबांना, कीर्तनकारांना, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या मावशींना बोलवावे. लेखनाची स्पर्धा बंद करून पंचवीस मुले आणि एक लेखक असे छोटे वर्ग दोन-तीन तास चालवावेत. मुलांचे लेखन तेथेच व्हावे, घरून आणलेले स्वीकारू नये. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची मागणी म्हणजे महोत्सव संपल्यावर गावच्या वाचनालयात दर आठवड्याला गोष्टीचा एक तास सुरू राहावा. जी समिती याची हमी देणार नाही, तिने बालमेळाव्याचा फलक लावूच नये.

मुलांना वगळून केलेला भाषेचा गौरव किती टिकतो, याचा विचार आज अधिक निकडीचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाचाच तो क्षण होता. परंतु अभिजातपण हे भूतकाळाचे प्रमाणपत्र आहे. भविष्यकाळाचे प्रमाणपत्र कोणतेही सरकार देऊ शकत नाही. ते आठ वर्षांचे एखादे मूल, गोष्ट संपल्यावर ‘आणखी एक सांगा ना’ असे म्हणून देत असते.

वाचकहो, संमेलनांचे आयोजक आपल्यातूनच येतात. स्वागत समितीत आपण असतो, वर्गणी आपण देतो, मुलांना दिंडीत आपणच पाठवतो. तेव्हा या हंगामात आपल्या गावच्या संमेलनाची कार्यक्रमपत्रिका हाती आली, की अध्यक्ष कोण, हे पाहण्याआधी मुलांचा कार्यक्रम कोठे आणि किती वेळाचा, हे पाहावे. तो सकाळच्या उन्हात, मागच्या पटांगणात आणि भाषणांच्या शेपटीला बांधलेला असेल, तर आयोजकांना जाब विचारावा. आणि जाब विचारण्याचा अधिकार मिळवण्यासाठी, आज रात्री आपल्या घरातल्या मुलाला एक गोष्ट सांगावी.