दिसणें आणि असणें

घरांतील वडील माणसाच्या मस्तकाचा सीटी स्कॅन झाला, म्हणजे संगणकानें काढलेलें कवटीचें एक घनचित्रहि कित्येकदां हातीं येतें. तें इतकें हुबेहूब असतें कीं, मंडळींस तो फोटोच वाटतो. वस्तुतः तो फोटो नव्हे; आणि हा भेद प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें जाणून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

१९७१ सालीं लंडन येथें गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्रानें प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचा छेद दाखविला. त्या छेदांत ८० गुणिले ८० इतकेच चौकोन होते. हल्लीं सामान्यतः ५१२ गुणिले ५१२ असतात. असे ३०० छेद एकावर एक रचिले, म्हणजे सुमारें ७ कोटि ८६ लक्ष घनकणांची रास होते. ह्या घनकणास व्हॉक्सेल म्हणतात. त्यांत रंग नसतो. असतो केवळ एक आंकडा. पाण्याचा ०, हवेचा उणें १०००, घट्ट हाडाचा हजाराच्या घरांत.

मग चित्र कसें निघतें? पाहणाराच्या डोळ्यापासून राशींतून काल्पनिक किरण सोडावयाचे, वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येक आंकड्यास ठरविलेला रंग व ठरविलेली अपारदर्शकता द्यावयाची, आणि त्यांचा मेळ घालीत जावयाचें. मार्क लेव्हॉय ह्यांनीं १९८८ सालीं ह्या रीतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्वचेचा आंकडा पूर्ण पारदर्शक ठरविला कीं, त्वचा दिसेनाशी होऊन कवटी उघडी पडते.

खरी मेख ह्या 'ठरविण्यांत' आहे. डोळ्याच्या खोबणीची नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ असते. तेथील घनकणांत हाडाबरोबर मऊ भागहि येतो, दोहोंची सरासरी हाडाच्या ठरविलेल्या मर्यादेखालीं जाते, आणि धडधाकट हाडांत छिद्र दिसूं लागतें. मर्यादा खालीं आणावी, तर छिद्र बुजतें. पण त्याबरोबर एखादी खरी बारीक भेगहि बुजून जावयाची! ह्यास्तव तज्ज्ञ डॉक्टर केवळ घनचित्रावर न विसंबतां मूळ छेद एकेक करून पाहतात.

पाणिनीनें लोप म्हणजे नाश असें म्हटलें नाहीं. न दिसणें, इतकेंच म्हटलें आहे. लुप्त झालेल्या प्रत्ययाचें कार्यहि मागें राहतेंच. तेव्हां चित्रांतील छिद्र पाहून घरांत रडारड करूं नये, आणि चित्र निर्मळ दिसलें म्हणून निश्चिंतहि होऊं नये. "छेद काय सांगतात?" हा एक प्रश्न डॉक्टरांस नम्रपणें अवश्य विचारावा.