हीटर नक्की बंद झाला पाहिजे

स्टीलचे भांडे, तळाशी हीटर, आत सेन्सर आणि भिंतीवर तापमानाचे आकडे दाखवणारा डबा. घरी बिअर बनवणारे अमेरिकेतले कित्येक हौशी लोक हा डबा स्वतः वायरिंग करून तयार करतात. तिथे १९७८ साली केंद्रीय कायदा बदलला, घरच्यापुरती बिअर बनवायला मोकळीक मिळाली, आणि पुढे पॅनेल बांधणे हाही त्या छंदाचा भाग झाला. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय बिअर बनवणे गुन्हा आहे. घरासाठी कोणी असे पॅनेल मागितले तर आपल्या वाचकांनी ते काम घेऊ नये. परवाना घेऊन चालणाऱ्या मायक्रोब्रुअरीची गोष्ट वेगळी. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, त्यामागून आणखी आल्या, आणि तापमान-नियंत्रणाचे काम तिथे रीतसर मिळते.

या अंकाचा विषय ठरवताना आमच्या डोळ्यांसमोर मात्र विंझर होते. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना मार्गासनीच्या पुढे हे गाव लागते. राजगड-तोरण्याच्या परिसरातला हा मुलूख पावसाळ्यात भाताचा आणि बारा महिने गाई-म्हशींचा. इथल्या एखाद्या बचत गटाने ठरवले की रोजचे १०० लिटर दूध गावातच पाश्चराइज करून दही-पनीर विकायचे, तर त्यांना लागणारे पॅनेल जवळजवळ तेच असते. बिअरचा माल्ट साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुरवतात. दूध ६३ अंशांवर सलग ३० मिनिटे धरावे लागते. कंट्रोलर तोच, एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) तोच, हीटरही त्याच घराण्यातला. फरक परिणामात आहे. माल्टचे पाणी दोन अंश चुकले तर बिअर पातळ किंवा गोडसर होईल. दूध दोन अंश कमी तापले तर त्यात रोगजंतू जिवंत राहू शकतात आणि ते दूध लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून दुधाचे पॅनेल बांधणाऱ्याची जबाबदारी ब्रुअरीवाल्यापेक्षा मोठी आहे, असे आम्ही मानतो.

आधी लोडचे बघू. १०० लिटर दूध ३० अंशांवरून ६३ अंशांवर न्यायला जवळपास ३.७ युनिट लागतात. ३ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो आणि वाया जाणारी उष्णता सोडली तर सव्वा तासात हे काम करतो. पण संध्याकाळी, ऐन धारेच्या वेळी, लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज १८० वर आले तर तोच हीटर १.८ किलोवॅटच देतो आणि सव्वा तासाचे दोन तास होतात. तेवढा वेळ दूध कोमट राहते, म्हणजे जंतू वाढायला सर्वांत सोयीचे. हे ग्राहकाला हीटर निवडतानाच सांगायला हवे. व्होल्टेज कमी म्हणून सरसकट मोठा हीटर बसवायचा आणि सर्व्हिस वायर तीच ठेवायची, हा उपाय नव्हे. शिवाय १३ अँपिअर तास-दोन तास सलग ओढायचे असतील तर घरगुती १६ अँपिअरचा प्लग वापरू नका. त्याच्या पिना तापतात, मग सॉकेट पिवळे पडते, मग काळे. इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट द्या किंवा केबल थेट आयसोलेटरवर घ्या. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर करंटला पुरते. अंतर जास्त असेल तर ४ ची घ्या.

सेन्सरबाबत एकच गोष्ट, पण तीच सर्वाधिक चुकते. पीटी-१०० चा रोध ० अंशांवर १०० ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. दोन वायरींनी जोडला आणि वायरींचा, जोडांचा मिळून एकच ओहम त्यात मिसळला, तरी आकडा अडीच अंशांनी फुगतो. डिस्प्लेवर ६३ आणि दूध साडेसाठ अंशांवर. तिसरी वायर त्यासाठीच असते. ती कंट्रोलरच्या टर्मिनलवर लूप मारून संपवायची नसते. जोडणी झाली की सेन्सर बर्फ-पाण्यात घालून शून्य बघा. उकळत्या पाण्यातही बघा, पण तिथे १०० ची अपेक्षा ठेवू नका. विंझरचा परिसर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या पुढे आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. कंट्रोलर १०० दाखवत असेल तर तो दोन अंश जास्त दाखवतो आहे, आणि दुधासाठी हीच चूक घातक दिशेची आहे.

आता मुख्य मुद्दा. तापमान राखणे आणि उष्णता थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती वेगळ्या साधनांनीच व्हायला हवीत. पीआयडी कंट्रोलर आणि एसएसआर तापमान उत्तम राखतात. पण एसएसआर जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो. कंट्रोलर आउटपुट बंद करतो, दिवा विझतो, आणि हीटर मात्र पूर्ण जोराने चालू राहतो. सेन्सर भांड्याबाहेर निसटला तर आणखी वाईट: तो खोलीचे ३० अंश सांगत राहतो आणि बिचारा कंट्रोलर प्रामाणिकपणे हीटर चालूच ठेवतो. एसएसआर चांगला असला तरी बंद अवस्थेत त्यातून काही मिलिअँपिअर गळती होतच असते, आणि तो एकच तार तोडतो. तेव्हा एसएसआर बंद आहे म्हणून हीटरच्या टर्मिनलला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. एसएसआरच्या आधी डबल पोल काँटॅक्टर हवाच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. त्याच्या कॉइलच्या वाटेत स्वतंत्र थर्मोस्टॅट हवा, ज्याचा सेन्सर वेगळा आणि रिसेट हाताने करायचा. त्याच वाटेत भांड्यातला फ्लोट स्विच, म्हणजे हीटर उघडा पडला की काँटॅक्टर सुटेल.

कॉइलला होल्डिंग काँटॅक्ट द्या, हिरवे बटण दाबल्याशिवाय हीटर लागू नये. वेल्ह्याकडे वीज जाते आणि येते. मधल्या काळात कोणी भांडे रिकामे केले, घरी गेले, आणि रात्री वीज आल्यावर कोरडा हीटर आपोआप पेटला, तर शेडला आग लागायला वेळ लागत नाही. मोटर स्टार्टरमध्ये आपण हे वर्षानुवर्षे करतो. हीटरच्या पॅनेलमध्ये ते का सोडून द्यायचे? दुधासाठी तर होल्डचा टायमरही वीज गेल्यावर शून्यावर आला पाहिजे. आधीची वीस मिनिटे आणि नंतरची दहा यांची बेरीज ३० होते, पण मधे दूध किती थंड झाले ते कोणालाच ठाऊक नसते.

आणि आरसीसीबी. इथे विंझरची जमीनच आपल्याला धडा देते. वरची माती थोडी, खाली काळा कातळ. अर्थिंगचा खड्डा हवा तेवढा खोल जात नाही, मीठ-कोळसा घालून वेळ मारून नेली जाते. समजा त्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. हीटर फुटून फेज भांड्याला लागला तर करंट किती जाईल? २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. ट्रान्सफॉर्मरकडचा रोध धरला तर त्याहूनही कमी. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्याने कधीच पडणार नाही. भांडे जिवंत राहील, ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली बाई त्याला हात लावेल, आणि एमसीबी शांतपणे वर असेल. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी त्याच २० ओहमवर निमिषात पडते. कातळाच्या गावात माणसाचा जीव वाचवणारे साधन तेच आहे. अर्थिंग मोजायचीच असेल तर मे महिन्यात मोजा. जुलैत तिथली जमीन इतकी भिजलेली असते की कोणतीही अर्थिंग चांगली दिसते.

तरीही गावोगावी आरसीसीबी बायपास केलेली सापडते. त्याचे कारण आम्हाला माहीत आहे. हीटरच्या नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट हवेत ओल धरते. पावसाळ्यात चार-सहा आठवडे बंद राहिलेला हीटर लावला की गळती होते आणि आरसीसीबी पडते. ग्राहक म्हणतो, ‘तुमचे हे यंत्र सारखे पडते, काढून टाका.’ वायरमन काढून टाकतो, काम चालू होते, दोघेही खूश. हे थांबले पाहिजे. आरसीसीबी पडली तर हीटर सोडवा, ५०० व्होल्टच्या मेगरने बघा. वाचन एक मेगओहमच्या खाली असेल तर हीटर उन्हात किंवा मंद उष्णतेवर वाळवा आणि पुन्हा मोजा. चढले तर ओल होती, नाही चढले तर हीटर बदला. अर्ध्या दिवसाचे काम आहे, त्याचे पैसे जरूर घ्या.

डबा आयपी-६५ चा, केबल ग्लँड खालच्या बाजूने, मोकळी भोके बंद. पाली आणि मुंग्या या भागात पॅनेल जाळायला पुरेशा आहेत. एसएसआर १३ अँपिअरवर पंधरा-वीस वॅट उष्णता टाकतो, म्हणून त्याची हीट सिंक डब्याच्या बाहेर काढा. आत ठेवली तर बंद डब्यात एसएसआर स्वतःच भाजून निघतो. वायरिंगचा नकाशा दाराच्या आतून चिकटवा, कारण दुरुस्तीला पुढच्या वेळी कोण येईल याची खात्री नसते.

या सगळ्याने पॅनेल महाग होते, हे खरे. घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी दुसरा थर्मोस्टॅट आणि आरसीसीबी कापली जाते, कारण त्यांच्यावाचूनही दूध तापते. तिथे आपण ठाम राहिले पाहिजे. डिस्प्ले साधा द्या, दिवे कमी करा, डबा रंगवलेला नसला तरी चालेल. एवढे करूनही ग्राहक ऐकत नसेल तर काम सोडा. वायरिंगचा परवाना आपल्या नावावर आहे, सही आपली आहे.

वाचकांना एक विनंती. गेल्या काही वर्षांत तुम्ही बसवलेली हीटरची जितकी पॅनेल आठवतात, त्या प्रत्येक ठिकाणी यंदा पाऊस लागण्यापूर्वी एकदा जाऊन या. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा, कंट्रोलरचा सेन्सर भांड्यातून बाहेर काढून हाताच्या अंतरावर धरा, आणि भांडे तापत असताना स्वतंत्र थर्मोस्टॅट खरोखर काँटॅक्टर सोडतो का ते पाहा. सोडत नसेल तर ते पॅनेल दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा.