भिंतीपलीकडचा समुद्र

माझी आजी मुंबईत पहिल्यांदा आली ती बोटीने. गावच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, वळकट्या सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. पडाव बोटीला भिडला की खलाशी दंडाला धरून वर ओढायचा. त्या क्षणी पायाखाली दिसलेलं हातभर काळं पाणी आजी शेवटपर्यंत विसरली नाही. मग रात्रभर बोट लागलेली. आमच्या घरात एसटीत मळमळलं तरी अजून 'बोट लागली' असंच म्हणतात. सकाळी भाऊचा धक्का आला आणि ती मुंबईकर झाली.

मुंबईचा समुद्र म्हणजे तिच्या लेखी हाच, पूर्वेचा. मरीन ड्राइव्ह तिने कितीतरी वर्षांनी पाहिला. कठड्याशी उभी राहून तिने विचारलं, "इथे बोट कुठे लागते?"

आम्हा नंतरच्यांचा समुद्र मात्र चौपाटीचा, दादरचा, वरळीचा. ज्या किनाऱ्याने या शहराला पोसलं, तो आम्हाला दिसतच नाही. पी. डिमेलो मार्गाने चालत जा, गोदीची भिंत संपता संपत नाही. तिच्या दारांना रंगांची नावं आहेत. यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट. ज्यांचं नाव या रस्त्याला दिलं, ते डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी. ज्यांच्या पाठीवर गोण्या होत्या त्यांच्यासाठी दारं उघडायची, बाकी शहराला ती बंदच राहिली.

या किनाऱ्याचं आजचं रूप माणसांनी घडवलं. भाऊचा धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी. अलेक्झांड्रासाठी खणलेल्या मातीदगडांच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी आहे.

मला यात सगळ्यात जवळची वाटते ती प्रिन्सेस डॉकच्या खोदाईची हकिगत. चिखल उपसता उपसता खाली जंगल लागलं. शेकडो झाडांची खोडं, त्यातली कित्येक जमिनीत मुळं रोवून उभीच्या उभी, आणि झाडं खैराची. आमच्या कोकणातला तोच खैर, ज्याचा कात पानाला लागतो. कधीकाळी इथे कोरडी जमीन होती, ती खचली, समुद्र वर आला आणि रान पाण्याखाली गेलं. पहिलं खोड कुदळीला लागलं तेव्हा खणणाऱ्या मजुराला काय वाटलं असेल? त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

नोंद आहे ती १४ एप्रिल १९४४ ची. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज होतं. पोटात कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा. कापूस धुमसत राहिला, पाणी मारूनही विझेना. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर त्या तारखेला अग्निशमन दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी. गोदीत आणि आसपासच्या वस्तीत शेकडो माणसं मेली. मुंबईत सोन्याच्या विटांचे किस्से आजही रंगवून सांगतात. त्या दिवशी कामावर असलेल्या हमालांची नावं मात्र कोणाच्या ओठांवर नाहीत, हे मला फार लागतं.

१९८९ मध्ये समोरच्या काठावर न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे वळले. कोकणची बोटही थांबली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या भराव घालून बुजवल्या. जिथून खैराची खोडं उपसली, तिथे परत माती पडली. २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे झाला, २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू. दोन्हींवरून हा किनारा दिसतो, पण धावत्या गाडीतून. तिथे पाय ठेवायला जागा नाही.

आता बंदराच्या सुमारे अठराशे एकर जमिनीचं काय करायचं याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. आराखडे येतात, बाजूला पडतात, नवे येतात. माझं म्हणणं साधं आहे. पाण्याकाठची पट्टी आधी सगळ्यांना चालायला, बसायला मोकळी करा, मग मागच्या इमारतींचं बोला. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या, मासळी उतरवणाऱ्या, राबणाऱ्या माणसांना त्याच किनाऱ्यावर घर आणि धंदा द्या. एक भिंत पाडून तिच्या जागी उंच टॉवरांची दुसरी भिंत उभी राहणार असेल, तर ते मुंबईकरांना मान्य असता कामा नये.

तोवर एक करा. एखाद्या रविवारी हार्बरची गाडी पकडून डॉकयार्ड रोडला उतरा. स्टेशन उंचावर आहे, फलाटावरून पूर्वेकडे बघा. मग खाली उतरून भाऊच्या धक्क्यावर जा, पलीकडच्या मोरा बंदराची लाँच घ्या आणि तोंड शहराकडे करून बसा. मुलांनाही बरोबर न्या. कित्येकांच्या पणज्या मुंबईत आल्या त्या याच पाण्यावरून, हे त्यांना तिथेच सांगा.