मनीचे दात, आईची दाढ

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली आहे आणि तिचे गुणही मिळवले आहेत. तिचा खरा अर्थ मला मात्र गेल्या वर्षी कळला, आणि तोही आमच्या मांजरीमुळे. मांजरावर लेख लिहिलेला पाहून काही वाचक हसतील. त्यांनी खुशाल हसावे, पण शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहतो. मेट्रोतून जाता-येता टेकडीवरची रंगवलेली घरे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांतलेच एक घर आमचे, दहा बाय बाराचे. बाबा एका सोसायटीत वॉचमन आहेत. आई तीन घरी पोळ्या करते. धाकटा भाऊ नववीत आहे. आमच्या भावकीत महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. या घरात पाच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मनी आली ती राहिलीच. तिने उंदीर मारायचे आणि आम्ही तिला बोंबलाची डोकी घालायची, असा व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख चालला होता.

गेल्या वर्षी गणपतीनंतर तिचे काहीतरी बिघडले. ताटलीजवळ यायची, वास घ्यायची, एक घास उचलायची आणि किंचाळून मागे पळायची. तोंडातून लाळ गळू लागली आणि तोंडाला घाण वास येऊ लागला. अंग चाटणे सोडल्यामुळे केसांच्या गाठी झाल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली असेल. एका मावशींनी सांगितले, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दे. कोणी लवंगेचे तेल लावायला सांगितले. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण पुढे डॉक्टरांनी जे सांगितले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मांजराच्या यकृताला ही औषधे निष्प्रभ करण्याची शक्ती फार थोडी असते. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते आणि लवंगेचे तेलही त्याला विषारी ठरते. वाचकांनी या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी तो लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

डॉक्टरांनी निदान केले ते हिरड्यांच्या आणि तोंडाच्या जुन्या सुजेचे. मांजराला एकूण तीस दात असतात, त्यांतले चौदा मागचे. मनीच्या या चौदांपैकी तीन आधीच पडून गेले होते. उरलेले अकरा काढावे लागतील, असे त्यांनी सांगितले. दातांवर जे किटण बसते त्याच्याविरुद्ध शरीर लढत राहते आणि ती लढाईच तोंड सोलून काढते. म्हणून दात काढल्यावर बहुतेक मांजरांना आराम पडतो. दात नसतानाही मांजर मऊ अन्न खाऊन चांगले जगते. हे सर्व त्यांनी समजावून सांगितले आणि मग खर्चाचा आकडा सांगितला. बावीस हजार रुपये.

बावीस हजार म्हणजे आमच्या घरी बाबांच्या पगारातून उरणारा पैसा नव्हे, सबंध पगारच. बाबा रात्री शांतपणे म्हणाले, “गावाकडं मांजराला कुणी डॉक्टर दाखवत नाही गं. डॉक्टर असतो तो गुराढोरांचा.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या पाटण तालुक्यात पशुवैद्याला बोलावतात ते गाय आटली तर, बैल लंगडला तर. बैल बसला तर पेरणी बसते. मांजर बसले तर काय बसते?

मला पुढे कळले की आपल्या मुंबईतही या गोष्टीची सुरुवात अशीच कष्टाच्या जनावरांपासून झाली. १८७४ साली येथे प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या धावू लागल्या, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. ओझ्याने पडणारे घोडे आणि बैल तेव्हा रोज लोकांच्या डोळ्यांसमोर होते. नंतरच्या दहाएक वर्षांत सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे घोडे गेले, ट्रामही गेल्या. आज अशा रुग्णालयांत कुत्री-मांजरे येतात. म्हणजे ‘उपयोग काय’ हा प्रश्न मागे टाकून दया थोडी पुढे सरकली आहे. पण ती सर्वांच्या दारापर्यंत आलेली नाही. परळ काय किंवा २०२४ साली महालक्ष्मीला सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय काय, दोन्ही शहरात. उपनगरातली रिक्षा शीवच्या पुढे जात नाही. टोपलीत ओरडणारे मांजर घेऊन रिक्षा, मग टॅक्सी, हा प्रवास करून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही.

आम्ही तो केला. एका धर्मादाय रुग्णालयात चौकशी केली आणि एक गोष्ट शिकलो. डॉक्टरांना घाबरत-घाबरत विचारायचे नाही, सरळ विचारायचे: खर्चाची फोड करून सांगा, यातले आज काय लागेल, पुढे काय चालेल? असे विचारण्यात कमीपणा नाही. हिशेब असा झाला: रक्ततपासणी अठराशे, एक्स-रे बाराशे, भूल आणि शस्त्रक्रिया सहा हजार, औषधे चौदाशे आणि जाण्यायेण्याचे सर्व मिळून हजार. एकूण ११,४०० रुपये. रक्ततपासणी वाचवावी असे मला वाटत होते. पण भूल द्यायची तर मूत्रपिंड आणि यकृत धड आहे की नाही हे आधी कळलेच पाहिजे, तेथे काटकसर करून चालत नाही, हे डॉक्टरांनी पटवून दिले.

मी चाळीतल्या आठ मुलांची शिकवणी घेते, प्रत्येकी चारशे रुपये. दोन महिन्यांचे ६,४०० झाले. तोवर डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामकावर आणि मऊ खाण्यावर मनीला सांभाळले. उरलेले पाच हजार कोठून आणायचे, हा प्रश्न होता. एका रात्री आईने डब्यातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले. तिची भिशी लागली होती.

ते पैसे कशाचे होते हे मला माहीत होते. वर्षभर आईची खालची दाढ ठणकत होती. रात्री उठून ती लवंग दाबून बसायची. भिशी लागली की दाढेचे बघू, असे तिनेच ठरवले होते. मी नको म्हटले. तेव्हा ती म्हणाली, “माझं दुखतंय ते मला सांगता तरी येतंय. त्या मुकीला कुठं सांगता येतंय?”

मी पैसे घेतले.

शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर भाजीच्या दोन टोपल्या एकमेकींवर बांधून मनीला त्यात बसायची सवय लावली. आदल्या रात्री दहानंतर तिला अन्न द्यायचे नव्हते, पाणी सकाळपर्यंत चालणार होते. एका खोलीत राहणाऱ्यांना हे सोपे नाही. त्या दिवशी आमच्याकडे मासे शिजले नाहीत आणि खरकटी भांडी रात्रीच घासून ठेवली. सकाळी बाबांनी रात्रपाळीहून येऊन न झोपता टोपली उचलली आणि टॅक्सीत सबंध वाटभर मांडीवर धरली. गावाकडची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. संध्याकाळी मनी परत आली ती झिंगलेली आणि गारठलेली. भुलीनंतर मांजराचे अंग लवकर थंड पडते म्हणून आईने तिला आपल्या जुन्या साडीत गुंडाळले. डॉक्टरांनी बजावले होते की मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतावर परिणाम होतो, म्हणून खाण्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माशाचे कोमट पाणी चाटले. तिसऱ्या दिवशी कुस्करलेला मासा खाल्ला, आणि किंचाळली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आमच्या वर्गात हे कळले तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, “माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजरावर अकरा हजार घालता?” एक आदरणीय प्राध्यापकही असेच काहीसे बोलले. या प्रश्नाचा मी खूप विचार केला, कारण त्यात तथ्य आहे आणि माझ्या बाबतीत तर तो टोचणाराच आहे.

आपण राज्यशास्त्रात शिकतो की संविधानाच्या ५१ अ कलमात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते आले. त्याआधी १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंध कायद्याने प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची जबाबदारी टाकली. कर्तव्य असे दोनदा सांगून झाले आहे. पण असल्फ्याच्या टेकडीवरून ते पार पाडायचे कसे, हे कोणी सांगत नाही. संत एकनाथांनी रामेश्वराला न्यायचे काशीचे गंगाजल तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतली कावड नाथांची स्वतःची होती. आमच्या घरची कावड माझ्या आईची होती, आणि पाणी तिच्या वाट्याचे गेले.

मैत्रिणीचा प्रश्न मला चुकीचा वाटतो तो येथेच. ती माणूस आणि मांजर यांना तराजूच्या दोन पारड्यांत बसवते. पण मनी आजारी पडण्यापूर्वी सबंध वर्ष आईची दाढ दुखत होती, तेव्हा मांजर आड आले नव्हते. आम्हीच पाहत नव्हतो. आई दुखते असे बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. मनीच्या तोंडात बॅटरी मारून पाहणाऱ्या मला आईला ‘आ कर’ म्हणायचे कधी सुचले नाही. मुक्या प्राण्याचे दुःख ओळखायला ज्या घराने शिकावे, त्याच घरात एक बोलता येणारी बाई मुकी होती. मला असे वाटते की ज्याला एक मुके दुःख दिसत नाही त्याला दुसरेही दिसत नाही. उलट एक दिसू लागले की दुसऱ्याकडे डोळेझाक करणे अवघड जाते. मांजरावर खर्च केला म्हणून आईचे राहिले, हे अर्धे सत्य आहे. मांजरावर खर्च केला म्हणूनच आईचे अखेर दिसले, हे उरलेले अर्धे.

मनीचे टाके विरघळल्यावर मी आईला दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेले. मुंबईत माणसांच्या दातांसाठी नायर रुग्णालयाचे महापालिकेचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे; सोय नाही असे नाही. पण सोय असते ती कामाच्या दिवशी, सकाळी. आईच्या पोळ्यांची वेळही तीच. एक दिवसाचा खाडा म्हणजे तीन घरांचे बोलणे. वर्षभर दाढ राहिली ती निव्वळ पैशांमुळे नव्हे, या खाड्याच्या भीतीमुळे. दाढ वाचवायला उशीर झाला होता, ती काढावी लागली. आई हसून म्हणाली, “मनीच्या अकरा गेल्या, माझी एकच.” मला हसू आले नाही. भिशी लागली त्याच आठवड्यात मी तिला नेले असते तर कदाचित दाढ वाचली असती. मनीचेही तेच. वर्षातून एकदा कोणी तिच्या तोंडात पाहिले असते तर दुखणे इतके वाढण्याआधी कळले असते. गरिबाचा पैसा उपचारावर जातो त्याहून अधिक उशिरावर जातो.

म्हणून या लेखाच्या शेवटी मी नुसता उपदेश करणार नाही. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेपुढे दोन सूचना ठेवते. पहिली अशी की वर्षातून एका रविवारी आपल्या आवारात आसपासच्या वस्तीतील कामकरी स्त्रियांसाठी दंततपासणी ठेवावी. रविवारीच, कारण इतर दिवशी त्यांना येता येत नाही. दुसरी अशी की कॅन्टीनमागच्या ज्या मांजरांना आपण बिस्किटे घालतो, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा पशुवैद्याला बोलवावे. त्या दिवशी वस्तीतल्या लोकांनीही आपली मांजरे आणावीत. खर्चासाठी प्रत्येकाने महिन्याला एका वडापावचे पैसे बाजूला काढले तरी सुरुवात होईल. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असे विचारत बसण्याची आपल्याला सवय आहे. शिकवणीचे पहिले शंभर रुपये देऊन मी नाव नोंदवायला तयार आहे.

आई आता डाव्या बाजूने जेवते. मनी तिच्या शेजारी बसून कुस्करलेला मासा खाते. त्या दोघींना पाहिले की मला बरे वाटते आणि लाजही वाटते. यापुढे आमच्या घरात कोणी जेवताना थांबले तर काय होते आहे हे मी त्याच दिवशी विचारणार आहे.